सगळीकडे एकच नियम

“हैदराबादहून येताना तांडूर स्टेशन गेलं ना, की ह्यांचं ते रमीचं अ‍ॅप चालू होतं बघ,” वैशाली वहिनी म्हणाल्या. “तोपर्यंत हे शहाण्यासारखे खिडकीशी बसलेले असतात. स्वतःच सांगितलं मला.”

मी त्यांच्या हातची कोथिंबीर वडी खात होते. ती अर्धीच ताटलीत ठेवली. कारण तांडूर गेल्यावर आमच्या कंपनीचं रमीचं अ‍ॅप चालू होतं की नाही, हे बघणं माझंच काम होतं.

आम्ही विरारला मनवेलपाड्यात समोरासमोर राहतो. मी तेव्हा ऑनलाइन रमीच्या एका कंपनीत कम्प्लायन्सला होते. म्हणजे काय, तर कंपनी जे करते ते कायद्यात बसतं का ते बघायचं, आणि बसत नसेल तर बसवायचं. बिल्डिंगमध्ये मी “गेमिंग कंपनीत आहे” एवढंच सांगायचे. लोकांना वाटायचं, लहान मुलांचे गेम. वाटू दे, म्हणायचे मी.

जुगार हा आपल्याकडे राज्यांचा विषय. जितकी राज्यं तितक्या तऱ्हा. बऱ्याच ठिकाणी समजूत अशी की नुसत्या नशिबावर चालतो तो जुगार, डोकं लावावं लागतं तो कौशल्याचा खेळ, आणि रमीला डोकं लागतं. म्हणून महाराष्ट्रात आमचं अ‍ॅप चालू. तेलंगणाने मात्र सरळ सांगून टाकलं, कौशल्य असो नाहीतर आणखी काही, पैसे लावून खेळायचं नाही. म्हणून तिकडे बंद. अ‍ॅप फोनचं लोकेशन बघायचं. फोन तेलंगणात असला की पाटी यायची, “ही सेवा तुमच्या राज्यात उपलब्ध नाही.” तांडूरच्या पुढे हद्द संपली की पाटी गायब.

नितीनदादा, म्हणजे वहिनींचा नवरा, औषध कंपनीत. त्यांना वर्षभरासाठी हैदराबादला पाठवलं होतं. त्याआधी विरारला असताना जेवताना, अंघोळीला जाताना, सारखा हातात फोन. लेकीने काही विचारलं तर अंगावर धावून जायचे. हैदराबादला गेले आणि सुटलं. औषध नाही, बाबा-बुवा नाही, नुसती पाटी. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून लेकीची गणितं सोडवून द्यायला लागले. आता वर्ष संपत आलं होतं आणि ते परत येणार होते.

“लोकांच्या बायका नवरा घरी यावा म्हणून देव पाण्यात घालून बसतात,” वहिनी म्हणाल्या. “मी येऊ नये म्हणून बसलेय. काय नशीब बघ. तू गेमिंगमध्येच आहेस ना? विचार ना कुणाला तरी. हैदराबादला बंद करता येतं, मग विरारला का नाही?”

“दादांनी स्वतः अर्ज केला तर खातं बंद करतात, वहिनी.”

“केला होता की! मग माझ्या नावावर दुसरं काढलं.”

अ‍ॅप कुठलं, ते मी विचारलं. आमचंच निघालं. मी दुसरी वडी उचलली, म्हणजे बोलावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मकरंद सरांना विचारलं, “सर, बायकोने सांगितलं म्हणून एखाद्या युजरला ब्लॉक करता येईल का?”

“युजर अ‍ॅडल्ट आहे?”

“आहे.”

“मग बायकोचा काय संबंध? ते सोड. दिल्लीचं रिप्रेझेंटेशन झालं का?”

रिप्रेझेंटेशन म्हणजे सरकारला पाठवायचं निवेदन. राज्याराज्यांचे वेगवेगळे नियम नकोत, केंद्राने सगळ्या देशाला एकच नियम करावा, अशी आमची मागणी होती. वाचायला किती छान वाटतं! पोटातली गोष्ट एवढीच की तेलंगणासारखी बंद राज्यं उघडावीत. मसुदा मीच लिहीत होते.

“फार कोरडं झालंय,” सर म्हणाले. “एखादं उदाहरण टाक. ह्यूमन टच.”

मी लिहिलं, रेल्वेने हैदराबादला निघालेल्या ग्राहकाचा डाव राज्याची हद्द येताच मध्येच तुटतो आणि त्याला नाहक मनस्ताप होतो.

“ब्रिलियंट! कुठून सुचलं?”

“असंच,” मी म्हटलं. काल ज्या बाईच्या घरी वड्या खाल्ल्या, तिचं दुखणं उलटं करून मी तिच्याच विरोधात वापरलं होतं. आणि शाबासकी घेतली होती.

संध्याकाळी वहिनी लिफ्टपाशीच उभ्या. “विचारलंस?”

खरं सांगायची हिंमत झाली नाही. मी म्हटलं, “आम्ही दिल्लीला लिहितोय, वहिनी. सगळ्या देशात एकच नियम करा म्हणून.”

त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथे उभं राहवेना. “म्हणजे हैदराबादसारखं इथेही?”

“बघू काय होतं ते,” म्हणत मी दाराची किल्ली शोधायला लागले. ती हातातच होती.

दादा परत आले. थोड्याच दिवसांत समोरून भांडणाचे आवाज यायला लागले. एकदा लेक जिन्यात दप्तर घेऊन एकटीच बसलेली दिसली. मी तिला चॉकलेट दिलं. वहिनी समोर येतील म्हणून मी बाहेर पडायच्या आधी दाराच्या भिंगातून बघायला लागले. आवाज वाढला की मीही टीव्हीचा आवाज वाढवायचे. लाज वाटायची, पण पगारही वेळेवर यायचा.

मग केंद्राचा कायदा आला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सगळ्या देशात बंद. कौशल्याचे असोत की नशिबाचे. ऑफिसात सर डोक्याला हात लावून बसले. आम्ही मागितलं तेच मिळालं होतं, एकच नियम. फक्त तो तेलंगणाचा निघाला! अ‍ॅपमधल्या राज्यांच्या यादीत प्रत्येक राज्यापुढे “बंद” टाकणं, हे त्या कंपनीतलं माझं शेवटचं काम. नोकरी गेली.

त्याच आठवड्यात बेल वाजली. वहिनी पेढे घेऊन दारात, मागे नितीनदादा आणि लेक.

“ह्यांना सांगितलं मी,” वहिनी म्हणाल्या, “समोरच्या आपल्या पोरीने दिल्लीला लिहिलं होतं म्हणून.”

“थँक यू हं,” दादा खाली बघत म्हणाले. “माझ्याच्याने सुटत नव्हतं.”

“वहिनी, अहो, ते मी... तसं नव्हतं...”

“अगं, लाजतेस काय एवढी!” म्हणत त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

कम्प्लायन्समध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात, वाक्य असं लिहा की त्याचा एकच अर्थ निघेल. माझ्या वाक्याचे दोन निघाले. त्यातला चांगला वहिनींचा होता. मी पेढा गिळला आणि “अभिनंदन” म्हटलं.