भैरूला हुकूम कुणी दिला

आमच्या सेक्शनला बोरगावला जायचा हुकूम आला तो ऐन पावसाळ्यात. दुसरं महायुद्ध संपलं होतं. मी फौजेत हवालदार होतो आणि बेळगावच्या बराकीत बूट चमकवून चमकवून वैतागलो होतो. साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "दूधगंगेला पूर आहे. नदीच्या अलीकडे मदत करायची. पलीकडे संस्थानचा मुलूख. तिकडे जायचं नाही."

नकाशावर नदी म्हणजे एक निळी रेघ होती. जाऊन बघतो तर पाणी सगळ्या उसातनं पसरलेलं. अलीकडचं कुठं संपतंय आणि पलीकडचं कुठं सुरू होतंय, हे बोरगावच्या पाटलालाही सांगता येईना.

पलीकडच्या एका वाडीत पटकी, म्हणजे कॉलरा, लागली होती. रोज माणसं जात होती. संस्थानचा डॉक्टर पुरामुळं तिथं पोचत नव्हता. औषधाच्या पेट्या आणि कंपाउंडर मात्र आमच्या बाजूला चावडीत बसून. नाव वाहून गेलेली. मी वायरलेसवर विचारलं.

"औषध पलीकडे न्यायची परवानगी पाहिजे. ओव्हर."

"संस्थानला विचारतोय. थांबा. ओव्हर."

दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी सेटच मुका झाला, आत ओल गेली. आता परवानगी आली तरी कळणार कुणाला? मी सेटला चार शिव्या घातल्या आणि झोपलो.

सकाळी गावकऱ्यांनी गुऱ्हाळातल्या दोन काहिली गाडीवर घालून आणल्या. काहील म्हणजे गुळाचा रस आटवायची लोखंडी कढई, चार माणसं मावतील एवढी. आमच्या भागात पुरात तीच नाव. नदीवर दोर ताणलेला, त्याला धरून पलीकडं सरकायचं. कुणी दोर धरत होतं, कुणी वल्हं मारत होतं, आणि हुकूम कोणीच देत नव्हतं.

मी एका म्हाताऱ्याला विचारलं, "आप्पा, हितं इनचार्ज कोण?"

"इनचार्ज कुठला काढलासा? पैरा हाय ह्यो."

पैरा मला शिकवायला नको होता, मी येळ्ळूरचा. पेरणीला आज माझी बैलं तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या. समोरचा दमला की बोलावण्याची वाट न बघता आपण हात लावायचा. पण खाकी अंगावर असताना तो करावा की नाही, हे काही कळेना. सेक्शनची पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी "जा" म्हणालो नाही. "थांबा"ही म्हणालो नाही. तेवढ्यात उचगावचा शिपाई भैरू शर्ट काढून दोराला लागला, आणि मग सगळेच लागले.

कंपाउंडर पलीकडं पोचला, औषधं पोचली. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला वल्हं मारणारा गडी थरथर कापत होता. भैरूनं त्याला खाली उतरवलं आणि स्वतः काहिलीत बसला. मधल्या धारेत बाभळीचं खोड आलं. काहील कलंडली. काहिलीतले बाकीचे दोघं दोराला लटकले. भैरूचा हात दोरापर्यंत पोचला नाही.

आम्ही काठानं धावलो, ओरडलो. मागं वळून बघतो तर दुसरी काहील पाण्यात लोटलेली होती. भैरूच्या जागी बोरगावचा कुणी बसला होता. आमचा एक सेट बिघडला तर आमचं काम बंद पडलं होतं. ह्यांचा माणूस गेला तरी ह्यांचं चालूच. मला त्यांचा अभिमान वाटला आणि भयंकर रागही आला. कुठला खरा, ते अजून ठरत नाही. पटकी आटोक्यात आली. भैरू खालच्या बाजूला बांधाला अडकलेला सापडला.

बेळगावला चौकशी बसली. मेजरसाहेबांनी एकच विचारलं.

"तो पाण्यात कुणाच्या हुकमानं उतरला?"

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हुकूम नसेल तर तो ड्युटीवर नव्हता. मग आईला पेन्शन नाही. समजतंय?"

समजत होतं. भैरूच्या आईला दुसरं कोणी नव्हतं.

"माझा हुकूम होता, सर."

माझ्या हवालदारकीच्या फिती उतरल्या. त्याचं काही वाटलं नाही. पुढच्या सुट्टीत उचगावला गेलो. म्हातारी दारातच बसली होती. मी मावशी म्हणून पाया पडायला वाकलो, तर तिनं पाय आत घेतले.

"मास्तरनी कागद वाचून दावला. तुझ्या हुकमानं गेलता म्हणं."

"व्हय, मावशी."

"त्येला पोहता येत न्हवतं. ठावं हुतं तुला?"

मला ठाऊक नव्हतं. पोहता येत नाही आणि हा आपणहून त्या लोंढ्यात बसला? का बसला? 'हुकूम माझा नव्हता' म्हणावं तर तिची भाकरी जाणार. हुकूम अंगावर घेतला, तर हेही घेणं आलं.

"व्हय," मी म्हणालो. "ठावं हुतं."

ती उठून आत गेली आणि तिनं दार लावलं. जिवंत होती तोवर मला पुन्हा कधी दारात उभं केलं नाही.

आता ती नाही. पेन्शन तिच्याबरोबर संपली, म्हणून आता लिहायला हरकत नाही. उचगावकरांनी एवढं ऐकावं: भैरूला मी पाठवला नव्हता. तो आपला आपण गेला होता.