चेलोचं राहू द्या, माह्या गणपतचं सांगा

मास्तरले कायचं कौतुक सुचून राह्यलं, मले तेच समजत नाही! केनवडच्या बायांनो, चिठ्ठी वाचा अन् घरोघर फिरवा. माह्या गणपतचं पत्र आज सकाळी आलं, फ्रान्सच्या लढाईवरून, चार महिन्यांनी.

मी अक्षर जोडून वाचलं, “चलो ऐकलं.” वाटलं, ‘चलो’चा हुकूम झाला, पोराले पुढच्या फळीत नेलं. तशीच शाळेत पळाले.

मास्तर हसले. “काकू, मात्रा पाहा, ‘चेलो’ हाये. गुडघ्यात धरून वाजवायची मोठी सारंगी. तिकडच्या एका कवितेवरून कोणीतरी नवं वादन रचलं. एकटी सारंगी पुढं, बाकी वाद्यं मागं. माणसावानी रडते, असं गणपत लिहितो. नशीबवान पोरगा!”

“ऐकलं कुठं त्यानं?”

“इस्पितळात.”

अन् मास्तर पुन्हा कवितेवर गेले! मी पत्र हिसकलं. इस्पितळात काहून गेला, ते एका ओळीत नाही. नीट पाह्यलं तं अक्षरही गणपतचं नाही, दुसऱ्यानं लिहून देलं.

तुमच्यापैकी ज्यांचं पोरगं त्याच पलटणीत हाये, त्यांनी आपापली पत्रं काढून पाहा. माह्या पोराचे हात शाबूत हायेत का नाही, ते शुक्रवारच्या आत मले तोंडावर सांगा. गोड बोलू नका.