आलं का वं?

आधीच सांगून टाकते, भूत-प्रेत, करणी-भानामती यातलं मला काहीएक पटत नाही. आम्ही बौद्ध. अंगारे-धुपारे माझ्या आजोबांनीच घराबाहेर फेकले. पौर्णिमेला विहारात वंदना करायची अन् कामाला लागायचं, एवढंच आमचं. त्यात जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. इथले अनुभव वाचून मी बरेचदा हसते… आणि आज स्वतःचाच लिहायला बसली आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मी सौंसरला मास्तरीण. बसस्टँडच्या मागे भाड्याच्या दोन खोल्या, वर टीन. आमचे हे सरकारी कचेरीत क्लार्क. मूलबाळ नाही. यांना शौक एकच – टीव्हीवर रविवारी दुपारी परभाषेतले सिनेमे लागायचे, ते. अख्खं गाव जेवून झोपलेलं, आणि हे टक लावून बसलेले. अन् सिनेमे तरी कसले! माणूस चालतोय तर चालतोयच. दार उघडतं, आत कुणीच नाही. बाई रडते, का रडते ते कुणी सांगत नाही. मग एकदम पाट्या सुरू!

मी चिडायची. "अवो, मेला का जिता हाय तो, एवढं तरी सांगाले पायजे का नाई?"

हे हसायचे. "सांगून टाकलं तं मंग रातभर त्याचा इचार कोन करन?"

"मले नाई बाप्पा इचार कराले टाइम!"

पण खरं सांगू? स्वयंपाक करताना मी त्याच माणसाचा विचार करत असायची. राग यायचा, आणि सुटायचंही नाही.

टीव्हीचं केंद्र नागपूरला, ते लांब पडायचं, त्यामुळे चित्र टिकत नसे. जरा वारा सुटला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग हे शिडी लावून टिनावर चढायचे, अँटेनाचा पाइप फिरवायचे आणि वरून विचारायचे, "आलं का वं?" मी आतून – "नाई आलं!… आनखी फिरवा… आलं, आलं! या खाली!" मी 'आलं' म्हटल्याशिवाय त्यांनी उतरायचं नाही. तेव्हा घरोघरी हेच चालायचं.

त्या वर्षी थंडी संपता संपता हे गेले. कचेरीत, बसल्या जागी. ना बोलणं, ना निरोप. सासरची माणसं पांढुर्ण्याहून न्यायला आली, पण नोकरी होती, मी राहिली. इतर दिवस शाळेत निघून जायचे. रविवार मात्र खायला उठायचा. "चहा टाकू का?" असं विचारायलासुद्धा घरात कुणी नाही… मग मी यांचेच ते सिनेमे लावून बसायची. घरात कुणीतरी बोलतंय, तेवढंच.

मे महिन्यातला एक रविवार. सिनेमात एका बेटावर पोस्टमन येतो. कुठलंही दार ठोठावलं तरी तीच एक बाई दार उघडते. प्रत्येक घरात तीच! पाणी देते, आणि नाव विचारलं की दार लावून घेते. भाषा कळत नव्हती, खालची इंग्रजी अक्षरं वाचेपर्यंत पळून जायची. पण मी जागची हलली नाही. शेवटचं घर आलं, आता ही नाव सांगणार… आणि मुंग्या!

मी इतकी वैतागली की सवयीनं ओरडली, "अवो, फिरवा ना थोडंसं!"

ओरडल्यावर भान आलं. पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात वर टीन वाजलं, कुणी पाय टाकल्यावर वाजतं तसं. पाइप करकरला. चित्र एकदम स्वच्छ झालं. आणि वरून आवाज –

"आलं का वं?"

यांचाच. त्यात शंकाच नाही.

भीती नाही वाटली मला. मनात एकच आलं – 'आलं' म्हटलं तर हे टिनावरून निघतील. मग खाली माझ्याकडे येतील, की जातील?

मी म्हटलं, "नाई आलं!"

समोर ती बाई ओठ हलवत होती. मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, वर पाहत होती. पुन्हा करकर. पुन्हा "आलं का वं?" मी पुन्हा, "नाई ना! आनखी फिरवा!" धडधडीत खोटं बोलत होती आणि रडत होती. किती वेळ, ते सांगता येणार नाही. सिनेमा संपून पाट्याही येऊन गेल्या.

मग एकदम सुचलं, अगं बाई, मे महिन्यातलं टीन आहे ते! घसरतं म्हणून हे नेहमी चपला काढून चढायचे. पाय भाजत असतील. मला राहवलंच नाही.

"आलं! आलं अवो! या खाली!"

शिडीची वरची पायरी वाजली. एकदाच. मग काहीच नाही.

मी धावत बाहेर आली. हे गेल्यापासून शिडी कुणी उचललीच नव्हती, भिंतीशी आडवी पडलेली होती, तशीच. शेजारच्या शेवंताबाई धावत आल्या.

"बाई, कोनाशी बोलून राहिल्या जी?"

"तुमाले आवाज आला?"

"तुमचाच आला जी," त्या म्हणाल्या, आणि आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवाल्याला वर चढवलं. तो वरूनच ओरडला, "बाई, हे तं उलटं, रामाकोन्याकडे तोंड करून हाय! इकडून कायचं चित्र येते?"

टीन तापलं की प्रसरण पावतं आणि वाजतं, हे मीच पोरांना शिकवलंय. वाऱ्यानं अँटेना फिरते, हेही मान्य. दुःखात माणसाला भास होतात, तेही मान्य. पण नागपूरकडे पाठ केलेल्या अँटेनावर ते चित्र कसं आलं? मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. त्या बाईचं नाव काय होतं, तेही कळलं नाही.

त्यानंतर कितीतरी रविवार मी मुद्दाम मुंग्या लावून बसली. हाका मारल्या, शेवंताबाई ऐकत असतील याची लाजही सोडली. वर कुणी चढलं नाही. कसे चढतील? 'आलं' असं मीच सांगितलं होतं ना… त्यांना वाटलं असेल, हिचं काम झालं.