नाव सरकारजमा

वेबसाइटी बनवणाऱ्याकडं कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. या कधी, बसा. शहरातल्या छावणी भागात सलीमचं आणि माझं दुकान. दुष्काळाच्या त्या वर्षांत तर रोज एक घडायचा, आणि हसावं की कपाळाला हात लावावा, कळायचं नाही.

शहर तेव्हा चहूकडं नुसतं पसरत सुटलं होतं. एक बिल्डर आला. "चोवीस तास पाणी, असं लिहा." आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही! सलीमनं विचारलं, "सेठ, स्विमिंग पूल भी डालूँ?"

"टाक की. फोटोतल्या पाण्याला कुठं टँकर लागतो?"

*

खुलताबादेकडचा कडुबा मेंढरं घेऊन टँकरमागं हिंडायचा. चुकीच्या गावाला गेला की एखादं मेंढरू वाटेतच बसायचं, ते उठायचं नाही. त्याच्यासाठी आम्ही फुकटात साइट काढली. तिचं नाव असं: आधी जिल्ह्याचं नाव, मग पाणी, शेवटी डॉट इन. टँकरचे ड्रायव्हर सलीमला फोन करायचे, आज कुठल्या गावचा हौद भरला ते तो टाकायचा.

"हे डॉट इन कुणाचं?" कडुबानं विचारलं.

"सरकारचं. आपण नुसतं वापरायचं."

"म्हंजी गायरान. चारायला आपलं, उठवायला त्यांचं."

*

जिल्ह्याच्या कचेरीतून एका साहेबांचा फोन आला. "टँकर आलाच नाही, असं गावाचं नाव घालून कसं लिहिता?"

"आला की तसंही लिहितो साहेब. पाठवून तर बघा."

सलीमची ही जीभ नडणार, हे मला माहीत होतं.

*

नडली. एका सकाळी साइट बंद. जिल्ह्याचं नाव आहे, लोकांना सरकारी वाटतं, म्हणून नावच काढून घेतलं. इथल्या कचेरीत गेलो तर म्हणे, "ते दिल्लीच्या हातात." दिल्लीला फोन लावला. "तुमच्याच जिल्ह्यातून पत्र आलंय." असा संताप आला! साइट बंद झाल्याचं बाकी सगळ्यांना कळवलं, कडुबाचा फोन तेवढा लागेना. तो डोंगरात होता.

*

थोड्या दिवसांनी त्याच नावावर सरकारी साइट उघडली. साहेबांचे हसरे फोटो, खाली एकच ओळ. सर्व गावांचे हौद भरलेले आहेत.

संध्याकाळी कडुबाचा फोन. "भाऊ, रेंज आली तसं साइटीवर वाचलं अन् डोंगर उतरलो. हौद कोरडा ठाक हाय."

"कडुबा, ती साइट आता आमची नाही रे."

एरवी त्याच्या फोनात मेंढरांचा कालवा असायचा. त्या दिवशी एकही मेंढरू ऐकू येईना.

"नाव तर तेच हाय की," तो म्हणाला.