बेंदरात इझलेला गोबरगॅस

राधानगरीच्या वरल्या अंगाला आमची वाडी. धरणाची वीज खाली शहराकडं जायाची, आमच्यात चिमणी. जळणाला रोज जंगलात. एक डाव फॉरेस्टच्या गार्डानं माजा कोयता काढून घेतला. म्हणाला, "तुमी बायकांनीच जंगल संपिवलं." त्याच्या मागनं ठेकेदाराचा लाकडाचा ट्रक चाललावता. मी मोळी टाकली आन् घरला आले.

नव्वद साल उलटून गेलतं तवा. आमी धा जणींनी मंडळ केलं. सरकारी साहेब म्हणाला, आधी एकच गोबरगॅस बांधू. दिवाळीपतोर नीट चालला तर बाकीच्या नऊजणींना. खड्डा माज्या परड्यात. गडी हात लावंनात, मग आमीच खणला. खाली कातळ लागला, हाताची सालटी गेली.

गॅस पेटला तर आमचं मालक म्हणालं, "शेणाच्या जाळावरची भाकरी मी खानार न्हाय." म्हणून त्यांची भाकरी परड्यात तीन दगडांवर येगळी करायची. पाऊस लागला, दगडं भिजली, जळण भिजलं. मग मालक आत येऊन ताटावर बसलं.

आन् बेंदूर आला, बैलांचा सण. गोठ्याचं पाणी पन्हळीनं गॅसच्या टाकीत जायाचं. मी बैलं साबण लावून घासली, शिंगांचा जुना रंग रॉकेलनं काढला. समदं पाणी पन्हळीनं आत. चार दिसांत शेगडी इझली.

पारावरनं एक म्हातारा वरडला, "काय वहिनी, गॅस माहेराला गेला व्हय?"

"व्हय की," मी म्हणलं, "तुमाला आणायला लावून देते."

साहेब आला, वास घेतला. म्हणाला, "रॉकेल गेलंय आत. शेण कुजवणारं जंतू मेलं. आठ दिवसांनी येतो. पेटला न्हाय तर बाकीचे नऊ दुसऱ्या गावाला देणार."

चूक माजी, आन् चुलीफुडं बसणार त्या नऊजणी. त्यातल्या एकीला दमा, फुंकणी धरली की खोकून खोकून आडवी व्हायची. मला भाकरी गोड लागंना.

सकाळी दुधाला विरजण लावताना हात थांबला. आपलं दही बिघडलं तर शेजारणीकडनं विरजण आणतोच की. ओढ्यापल्याडच्या गावात एकाचा गॅस चालू हुता. त्याच्या टाकीतला शेणकाला आणून आपल्यात वतायचा. बायकांना सांगितलं तर एक हसली, "शेणाला विरजण? डोकं फिरलं हिचं." पण डबा घेऊन तीच पयली आली. मी डबा माघारी धाडला, "रॉकेलचाच डबा आणलास की गं. घागर आण."

सात दिस भर पावसात ओढा वलांडला. धा घागरी रोज. टाकीतलं तेवढं बिघडलेलं काढायचं, नवं वतायचं. सातव्या दिशी शेगडी लावून बघायची कुणाची छाती हुईना. तसंच ठेवलं.

साहेब आला तवा पारावरचं समदं परड्यात. मी कॉक फिरवला. पयली काडी इझली. कुणीतरी हसलं. दुसरी लावली आन् निळा जाळ फूस करून वर आला. दम्यावालीनं च्याचं भांडं चढवलं. पारावरच्या म्हाताऱ्याला पयला कप दिला.

"शेणाचा वास येतोय का?" तिनं इचारलं.

"न्हाय," म्हणाला, "साखर कमी हाय."

दिवाळी झाली आन् नऊ खड्डं खणलं. या येळंला गडी फावडी घेऊन आपणहून आलं, आमचं मालक सगळ्यांच्या फुडं. शेवटची शेगडी पेटली त्या दिशी वाडीतनं धूर निघाला न्हाय.

माजा कोयता गार्डाकडंच ऱ्हायला. मी मागाय गेले न्हाय. जळणासाठी मला तो परत लागलाच न्हाय.