गेटवरच्या रजिस्टरमधला विषाणू

गेल्या आषाढात, एका मंगळवारी दुपारी सव्वाबारा वाजता, वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत विषाणू दाखल झाला. तशी नोंद गेटवरच्या रजिस्टरमध्ये आहे. नोंद करणारे आमचे सेक्रेटरी. विषाणूंचा त्यांच्याइतका कट्टर शत्रू ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत दुसरा नसेल.

लॉकडाऊन सगळ्यांचा संपला, त्यांचा नाही. वर्तमानपत्र ते अजून इस्त्री करून वाचतात. बाहेरून आलेला कागद दिवसभर उन्हात ठेवल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. माझ्या मुलीची लग्नपत्रिका त्यांनी लग्न लागल्यावर वाचली. जिन्यात कोणी शिंकलं की संध्याकाळी फळ्यावर सूचना लागते. नाव नसतं, मजला असतो. आदल्या वर्षी रक्षाबंधनाला खडवलीहून सख्खी बहीण आली, तिलाही त्यांनी गेटवर नाव लिहायला लावलं आणि राखी सॅनिटायझरमध्ये बुडवून बांधून घेतली. लाल रंग आठवडाभर मनगटावर होता.

अशात काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, पायावरचा त्वचेचा कॅन्सर ऑपरेशननंतर परत आला. नडगीवर तीन गाठी. माजिवड्याच्या डॉक्टरीणबाईंनी एका नव्या उपचाराच्या चाचणीची माहिती दिली. कमकुवत केलेला विषाणू सुईने थेट गाठीत सोडायचा. तो कॅन्सरच्या पेशींत वाढतो, त्या फोडतो आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला जागं करतो. उपयोग होईलच असं नाही, हेही सांगितलं. सेक्रेटरींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि यात विषाणूविरहित प्रकार मिळेल का, असं विचारलं.

काकूंनी संमतीपत्रावर तिथेच सही केली. साक्षीदार म्हणून सही यांची हवी होती. यांनी कागद घरी आणून गॅलरीत चिमटा लावून ठेवला. आषाढातले दिवस, तीन दिवस ऊन पडलं नाही. शुक्रवारपर्यंत कागद पोचला नाही तर जागा दुसऱ्या पेशंटला जाणार होती. गुरुवारी मी त्यांच्याकडे बसलो असताना काकूंनी तो दमट कागद आत आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"अहो, गाठ ऊन पडायची वाट बघत नाहीये."

त्यांनी सही केली. आधी हात धुतले नाहीत, नंतरही नाहीत.

मंगळवारी हॉस्पिटलमधून परतताना त्यांनी रिक्षा गेटवर थांबवली आणि काकूंना आत बसवून ठेवून रजिस्टर मागितलं. नाव: विषाणू, कमकुवत. कुठून: माजिवडा. व्यक्ती किती: अगणित. कोणाकडे: सौ., तिसरा मजला. वाहन: सुई.

"साहेब, जाण्याची वेळ?" वॉचमनने विचारलं.

"त्यांना घाई करू नका."

संध्याकाळी काकूंना थंडी वाजून ताप आला. तो येणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका शिंकेवरून फळ्यावर सूचना लावणारा हा माणूस काकूंच्या कपाळावर हात ठेवून बसला होता. "कामाला लागलेत वाटतं," मला म्हणाले. पायाची पट्टी ते हातमोजे घालून बदलायचे, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. हात मात्र तसाच धरायचे.

शेवटच्या तपासणीत दोन गाठी आक्रसल्या होत्या. तिसरी होती तेवढीच होती.

दिवाळीत रजिस्टर भरलं, नवं आलं. पहिल्या पानावर पहिलीच नोंद सेक्रेटरींच्या अक्षरात आहे, जुन्यातून उतरवलेली. जाण्याच्या वेळेचा रकाना रिकामा आहे.