गिऱ्हाइकांच्या कपड्यांतली मिझुहो

मिझुहो त्सुरुओका आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात लागली तेव्हा एकवीस वर्षांची होती. साल १९९६. अकिताहून तोक्योत आलेली, दुकानाच्या माळ्यावरच राहायची. मी तिथे बारा वर्षं इस्त्री करत होते. पहिल्या दिवसापासून ती मला आवडली नाही. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचे कपडे न्याहाळायची, मग तोंडाकडे बघायची.

रविवारी दुकान बंद. तेव्हा ती धुऊन टांगलेले कपडे अंगावर चढवायची, मागे पांढरी चादर लावायची आणि कॅमेऱ्याचा टायमर दाबून समोर उभी राहायची. तिनेच मला फोटो दाखवले. एकात बँकवाल्याची बायको, एकात बारमधली बाई, एकात शाळकरी मुलगी. सगळीकडे तीच, पण ओळखू येईना.

"ही चोरी आहे," मी म्हणाले.

"चोरी कसली? सोमवारी सगळं जागच्या जागी असतं की."

"स्वतःचे कपडे घालून काढ ना फोटो."

"स्वतःचे म्हणजे कुठले, ताई? आईने निवडलेले की मासिकात बघून घेतलेले?"

तिचा तो चढा सूर मला झोंबला.

पुढच्या वसंतात तिने स्टेशनजवळ एक लहानसं दालन आठवड्यासाठी घेऊन फोटो मांडले. मी बघायला गेले. शेवटच्या भिंतीवर मीच होते. म्हणजे तीच, माझा निळा एप्रन घालून, उजवा खांदा पाडून, ओठ आवळून. कॉलेजातल्या दोन पोरी तिथे खिदळत होत्या. "कसली खडूस बाई!" एक म्हणाली.

मी घरी गेले आणि आमच्या जुन्या गिऱ्हाईक कुरोसाकीबाईंना फोन केला. त्यांचा लोकरी कोट दुसऱ्या एका फोटोत होता.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्या मालकांना घेऊन दालनात आल्या. मीही मागोमाग गेले.

"माझा कोट घालून माझीच टिंगल?"

"टिंगल नाही. तुमच्यासारखं उभं राहिल्यावर कसं वाटतं, ते बघायचं होतं."

"उतरव तो फोटो!"

मालक गुरगुरले, "माफी माग, नाहीतर आजच खोली रिकामी कर."

मिझुहो कमरेतून वाकली. "न विचारता कोट घातला, चुकलं माझं." मग ताठ झाली. "फोटो उतरणार नाही."

कोपऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ पुटपुटले, "पोरींना नटायला निमित्त लागतं. हल्ली त्यालाच कला म्हणतात."

"आजोबा, तुम्ही तिसऱ्यांदा आलाय. कला बघायला?" मिझुहोने विचारलं.

त्यांनी टोपी उचलली आणि निघून गेले. तोवर कुरोसाकीबाईंनी आपल्या कोटातला फोटो ओढून काढला आणि टर्रकन मधोमध फाडला. मिझुहोने दोन्ही तुकडे गोळा केले, टाचण्यांनी पुन्हा भिंतीवर लावले. मग माझ्याकडे वळली.

"तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो, मीच. मी कधी अशी उभी राहते गं?"

"आत्ता राहिलाय."

मी खांदा सरळ केला. तिने ते पाहिलं, हसली नाही.

संध्याकाळी दोन बॅगा घेऊन ती गेली. पुढे सेंदाईत लग्नांचे फोटो काढून पोट भरू लागली. सात वर्षांनी तिचं पुस्तक निघायचं होतं, तेव्हा पत्र आलं: तुमच्या एप्रनमधला फोटो छापू का? मी कळवलं, नाही.

तिने खरंच छापला नाही. मला त्याचाही रागच आला.